उघड्या डोळ्याचं लायनर

लायनर आपण मिटलेल्या पापणीवर काढतो आणि लोक ते पाहतात उघड्या डोळ्यावर. सगळी गडबड इथेच आहे. एक डोळा मिटून, श्वास रोखून काढलेली सुरेख रेघ डोळा उघडताच गायब होते, नाहीतर अर्धीच दिसते, नाहीतर तिची शेपटी मध्येच मोडते. मग "मला नाही बाई जमत" म्हणून लायनर खणात जातं आणि पुन्हा काजळाची कांडी हातात येते. खरं तर हात बहुतेक वेळा चांगलाच असतो. व्हिडिओतल्या बाईची पापणी वेगळी, आपली वेगळी, आणि रेघ मात्र तिच्या मापाची काढलेली असते.

मी मुंबईत मेकअप करते, जास्त करून दादर-परळकडच्या लग्नांत. एकाच हॉलच्या खोलीत, एकाच सकाळी किती तऱ्हेचे डोळे समोर येतात! नवरीचे मोठे, ठळक घडीचे. तिच्या आईचे, वयानं पापणी खाली उतरलेले. काकूंचे खोल. आणि नवरीच्या ऑफिसातल्या मणिपुरी मैत्रिणीचे, ज्यांत घडीच नाही. 'एशियन आइज' असं शोधलं की कोरिया-जपानचे चेहरे पुढे येतात, पण आशियात आपणही आलो, आणि आपल्याकडे हे सगळे प्रकार आहेत. एकाच घरातही आहेत. म्हणून आधी पापणी समजून घेऊ, रेघ नंतर.

पापणी उघडते तेव्हा नेमकं काय होतं

वरच्या पापणीच्या आत, कडेला लागून, एक टणक पट्टी असते. मध्यभागी तिची उंची साधारण ८ ते १० मिलिमीटर. पापणीला आकार देते ती ही पट्टी. पापणी वर उचलणारा स्नायू डोळ्याच्या खोबणीतून पुढे येतो, पातळ पडद्यासारखा पसरतो आणि या पट्टीला जोडला जातो. बऱ्याच लोकांमध्ये त्याचे काही तंतू आणखी पुढे येऊन थेट कातडीलाही चिकटलेले असतात. स्नायूनं ओढ घेतली की त्या जागची कातडी आत खेचली जाते आणि तिथे घडी पडते. घडीच्या वरची कातडी त्या रेषेवर ओठंगून बसते. पापण्यांचे केस आणि घडी यांच्यामधली जी पट्टी उघड्या डोळ्यातही दिसत राहते, तेवढीच जागा लायनरला मिळते.

दुकानाच्या शटरवर रंगवलेलं नाव दुकान बंद असतानाच पूर्ण वाचता येतं. शटर वर गेलं की अक्षरं आत गुंडाळली जातात. मिटलेल्या पापणीवरच्या रेघेचं हेच होतं. कुणाची पापणी थोडीच गुंडाळली जाते, कुणाची जवळजवळ सगळी.

ज्यांच्या पापणीला घडी नसते त्यांच्यात हे तंतू कातडीपर्यंत पोचतच नाहीत, किंवा अगदी खाली, केसांच्या मुळांजवळ पोचतात. शिवाय डोळ्याभोवतीच्या चरबीचा थर त्यांच्या पापणीत जास्त खालपर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे पापणी भरीव आणि सपाट दिसते. पूर्व आशियातल्या साधारण निम्म्या लोकांची पापणी अशी असते असं मानलं जातं. आपल्याकडे ईशान्येतल्या राज्यांत, लडाखमध्ये, नेपाळी कुटुंबांत ती सर्रास दिसते. डोळा त्यानं लहान होत नाही, कमजोरही होत नाही. तंतू कुठे चिकटले एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पापणीची कातडी ही अंगावरची सर्वांत पातळ कातडी, एक मिलिमीटरहूनही कमी. लायनर काढताना डोळ्याचा कोपरा कानाकडे ताणून धरायची सवय बऱ्याच जणींना असते. ताणल्यावर रेघ सरळ येते खरी, पण सोडल्यावर कातडी जागेवर जाते आणि रेघ तिच्याबरोबर वाकडी होते. वयानं सैल झालेल्या पापणीत तर ती चक्क लाटांसारखी दिसते.

आधी स्वतःची पापणी ओळखा

खिडकीसमोर, दिवसाच्या उजेडात, आरसा डोळ्यांच्या पातळीला धरा. आरसा खाली असला तर नजर खाली जाते आणि पापणी उगाच मोठी दिसते. हनुवटी सरळ, नजर समोर. आणि कपाळ सैल. आरशात बघताना नकळत भुवया वर उचलण्याची सवय खूप जणींना असते, आणि जिची पापणी खाली आलेली तिला तर हमखास. भुवया वर असताना काढलेली रेघ, भुवया जागेवर आल्या की आत गेलीच म्हणून समजा. कपाळावर तळवा ठेवून बघा, आठ्या पडत असतील तर हाताला कळतात.

आता तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, उघड्या डोळ्यात घडी दिसते का, आणि तिच्याखाली किती जागा उरते: अजिबात नाही, एखाद-दोन मिलिमीटर, की चांगली रुंद पट्टी? दुसरी, ही जागा आतून बाहेरपर्यंत सारखी आहे का? काहींची घडी नाकाकडे अरुंद होत केसांच्या ओळीत मिळून जाते, काहींची समांतर धावते, काहींच्या बाहेरच्या कोपऱ्यावर वरची कातडी येऊन बसते. तिसरी, पेन्सिल आडवी धरून डोळ्याचा आतला कोपरा आणि बाहेरचा कोपरा जोडा. बहुतेकांचा बाहेरचा कोपरा किंचित वर असतो, दोनेक मिलिमीटर. तो त्याहून बराच वर आहे, की खाली झुकलेला?

दोन्ही डोळे वेगवेगळे निघाले तर तसंच असतं. एका डोळ्यात घडी स्पष्ट, दुसऱ्यात लपलेली, असे चेहरे मी कायम पाहते. अशा वेळी अवघड डोळा आधी करायचा आणि सोपा त्याच्या मापानं जुळवायचा. उलट केलं तर सोप्या डोळ्यावर हौसेनं रुंद रेघ काढून होते आणि दुसऱ्यावर तेवढी जागाच नसते.

घडी नसलेली पापणी

इथे केसांच्या मुळाशी काढलेली बारीक रेघ उघड्या डोळ्यात दिसतच नाही, कारण वरची कातडी मुळांपर्यंत खाली येते. 'बारीक रेघच छान दिसते' हा नियम या डोळ्यांसाठी नाही.

डोळे उघडे ठेवून, समोर बघत, बुबुळाच्या मध्यावर जिथे काळी रेघ दिसायला हवी तिथे पेन्सिलनं एक ठिपका द्या. दुसरा बाहेरच्या कोपऱ्याच्या जरा आत. आता डोळा मिटा. ठिपके केसांपासून तीन-चार मिलिमीटर, कधी त्याहूनही वर गेलेले दिसतील. मुळांपासून ठिपक्यांपर्यंतची जागा भरायची. मिटलेल्या डोळ्यावर हा जाड पट्टा वाटेल, उघडल्यावर त्यातला मिलिमीटर-दीड मिलिमीटरच बाहेर राहील. तीच तुमची 'बारीक रेघ'.

मिटल्यावर दिसणारा तो जाड पट्टा सगळ्यांना आवडत नाही, आणि फोटोत नवरी मान खाली घालते तेव्हा तो दिसतोच. म्हणून मला स्वतःला दिवसासाठी दुसरा मार्ग जास्त आवडतो. मुळाशी गडद पेन्सिल, आणि ती सुकायच्या आत छोट्या ब्रशनं तपकिरी आयशॅडो घेऊन वरच्या दिशेनं विरळ करत न्यायची. कड कुठे संपली ते कळता कामा नये. उघड्या डोळ्यात गडद कड दिसते, मिटलेल्या डोळ्यात मऊ सावली. ऑफिसला, कॉलेजला हे पुरतं. रिसेप्शनच्या झगझगीत उजेडात मात्र ठिपके मोजून काढलेली ठाम रेघच हवी.

आकार बदलायचा तो जाडी कुठे ठेवतो त्यावरून. बुबुळाच्या वर सर्वांत जाड ठेवली तर डोळा गोल, टपोरा भासतो. बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात जाड होत गेली तर लांबट. आतल्या कोपऱ्यापासूनच जाड सुरुवात केली तर डोळा बंद झाल्यासारखा वाटतो, म्हणून तिथे रेघ नाहीशी होत जाऊ द्या. पुष्कळ मोनोलिड, म्हणजे घडी नसलेल्या, डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यावर कातडीची एक छोटी आडवी दुमड असते, ती आतला कोपरा झाकते. त्या दुमडीवर रेघ नेऊ नये, असं माझं मत. तिथे सतत ओलावा असतो, रेघ तासाभरात विस्कटते आणि डोळा चुरचुरतो.

विंगच्या, म्हणजे डोळ्याबाहेर ओढलेल्या शेपटीच्या, बाबतीत मात्र ही पापणी नशीबवान आहे. वाटेत घडीच नसल्यामुळे शेपटी मोडत नाही. वरच्या रेघेचाच धागा पुढे ओढल्यासारखी, फारशी न उचललेली, लांब शेपटी इथे फार देखणी दिसते. कोरियात ती दोन-तीन मिलिमीटर किंचित खाली झुकवायची पद्धत आहे, त्याला तिथल्या मेकअपमध्ये 'पपी' लायनर म्हणतात. चेहरा त्यानं कोवळा होतो. खालच्या पापणीच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात तपकिरी पेन्सिल हलकेच फिरवली की वरची रेघ अधांतरी वाटत नाही.

या पापणीचे केस बहुधा सरळ आणि खाली झुकलेले असतात, वरून कातडीही त्यांना दाबते. म्हणून कर्लर आधी, मस्कारा नंतर, आणि मस्कारा वॉटरप्रूफ. साध्या मस्कारातल्या पाण्यानं वळवलेले केस पुन्हा सरळ होतात.

घडी पाडण्याच्या टेपाही मिळतात. लावायच्या असतील तर लायनरच्या आधी. घडीची ही ओढ जुनी आहे: जपानमध्ये १८९६ साली मिकामो या डॉक्टरांनी पापणीवर घडी घालण्याची शस्त्रक्रिया लिहून प्रसिद्ध केली होती. ज्याची त्याची आवड. पण माझ्या खुर्चीत बसून "माझे डोळे मोठे करा" म्हणणाऱ्या ईशान्येतल्या मुलींना मी आधी लांब, आडवी रेघ काढून दाखवते, कारण ती रेघ इतक्या रुबाबात ठळक घडीच्या डोळ्यांवर बसत नाही.

लपलेली घडी

हा प्रकार सर्वांत जास्त चकवतो. डोळा मिटला की घडीची रेष दिसते, उघडला की वरची कातडी तिच्यावर येते आणि खाली जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतात, तेही बाहेरच्या बाजूला. जपानी मेकअपमध्ये याला वेगळा प्रकारच मानतात. आपल्याकडे मात्र अशी मुलगी वर्षानुवर्षं ठळक घडीच्या डोळ्यांचे व्हिडिओ पाहत राहते.

इथे जाड रेघ काढली तर ती उरलेली सगळी जागा गिळते आणि घडी नसल्यासारखा डोळा दिसतो. म्हणून रेघ केसांच्या मधल्या फटीच भरण्यापुरती. टोकदार जेल पेन्सिलनं केसांच्या मुळांमध्ये ठिपके ठिपके देत जायचं, सलग रेघ ओढायचीच नाही. बुबुळाची बाहेरची कड ओलांडली की मग थोडी जाडी येऊ द्यायची. नाकाकडे अरुंद होत जाणाऱ्या घडीलाही हेच लागू: घडी जिथे केसांत मिळते तिथे रेघ केसाइतकीच बारीक.

वरून कातडी उतरलेली पापणी

याला हूडेड म्हणतात, आणि मराठी घरांत मला हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. काही जणींची पापणी विशीतच अशी असते, आईकडून आलेली. बाकीच्यांची चाळिशी-पन्नाशीनंतर होते: कातडीचा ताण कमी होतो, भुवई थोडी खाली सरकते आणि बाहेरच्या कोपऱ्यावर कातडीचा पदर येतो. घडी असते, पण पदराखाली. लग्नात नवरीच्या आईचा मेकअप करताना "माझ्या डोळ्यांना लायनर बसत नाही गं" हे वाक्य ठरलेलं. बसतं. फक्त पदर कुठून सुरू होतो ते पाहून काढावं लागतं.

दोन अडचणी असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिली अडचण शेपटीची. पापणीवरून निघालेली विंग पदराच्या दुमडीत शिरते, तिचा मधला तुकडा आत जातो आणि टोक वर तरंगत राहतं. उपाय असा, की विंग मिटलेल्या डोळ्यावर काढायचीच नाही. समोर बघा, चेहरा सैल. खालच्या पापणीची कड पुढे वर जात राहिली तर कुठे जाईल त्या दिशेनं, बाहेरच्या कोपऱ्यापासून भुवईच्या टोकाकडे एक छोटी तिरकी रेघ द्या. डोळा उघडाच ठेवून त्या टोकापासून आत, पदराच्या वरूनच, सरळ रेघ पापणीच्या कडेकडे आणा. आता डोळा मिटा. दुमड उलगडेल आणि रेघेत एक खाच किंवा पायरी दिसेल. ती खाच भरून टाका. मिटलेल्या डोळ्यावर आकार विचित्र, वटवाघळाच्या पंखासारखा दिसतो, म्हणून इंग्रजीत या पद्धतीला 'बॅट विंग' म्हणतात. डोळा उघडला की खाच दुमडीत जाते आणि बाहेर दिसते ती एक सलग, सरळ शेपटी. पहिल्यांदा पाहणाऱ्या बायकांचा विश्वास बसत नाही.

पण सगळ्यांवर ही पद्धत वापरू नये. साठीच्या पुढच्या पापणीवर बारीक सुरकुत्या असतात, आणि लिक्विड लायनर त्यांत पाझरून रेघेला केस फुटल्यासारखं करतं. तिथे शेपटी पदराच्या अलीकडेच संपवावी. बाहेरच्या कोपऱ्यात तपकिरी पेन्सिल, ब्रशनं वर आणि बाहेर पुसट केलेली, तिच्यावर त्याच रंगाची आयशॅडो दाबलेली. काळ्यापेक्षा तपकिरी मी मुद्दाम म्हणते. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर गडद तपकिरी चार फुटांवरून काळीच दिसते, पण हात जरा हलला तरी चूक ओरडत नाही.

दुसरी अडचण छाप उठण्याची. पदर पापणीवर टेकलेला असतो. आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. आठ तासांच्या ऑफिसात ते सात हजारांवर जातं. प्रत्येक वेळी वरची कातडी लायनरला टेकून उठते, आणि दुपारपर्यंत घडीच्या वर एक काळी, पुसट दुसरी रेघ उमटते. म्हणून आधी पापणीवरचं तेल टिपून घ्यायचं, मेकअप धरून ठेवणारा प्रायमर पातळसा लावायचा, त्यावर चिमूटभर पावडर. लायनर काढलं की लगेच वर बघायचं नाही. नजर खाली ठेवून अर्धा मिनिट सुकू द्यायचं. घाईत हाच अर्धा मिनिट वाचवला जातो आणि पुढचा सगळा दिवस इअरबडनं पुसण्यात जातो. पावडर फक्त पापणीवर लावून भागत नाही. तिच्यावर टेकणाऱ्या वरच्या कातडीवरही लावा, छाप तिथेच उठतो.

खोल डोळे, उठावदार डोळे, कोपऱ्यांचा कल

खोल डोळ्यांत भुवईचं हाड पुढे असतं, पापणीवर तशीच सावली असते. जाड काळी रेघ ती सावली वाढवते आणि चेहरा थकलेला दिसतो. बारीक रेघ, मुळाशी, आणि पापणीवर जरा उजळ रंग. उठावदार डोळ्यांना जागाच जागा असते, ते जाड रेघ सहज पेलतात; पापणीच्या मध्यावर चमकी मात्र टाळावी, डोळा आणखी पुढे येतो.

बाहेरचा कोपरा खाली झुकलेला असेल तर केसांच्या ओळीमागे शेवटपर्यंत जाऊ नका, नाहीतर रेघही तिच्याबरोबर खाली उतरेल. शेवटचे तीन-चार मिलिमीटर उरले असताना रेघ उचलायला लागा. कोपरा मुळातच खूप वर असेल तर विंग लहान ठेवा, आणि खालच्या बाजूला बाहेरच्या हिश्श्यात थोडा गडदपणा द्या.

मुंबईची हवा आणि लायनरच्या आतलं रसायन

पुण्याची वहिनी तेच लायनर लावते आणि तिचं संध्याकाळपर्यंत टिकतं, तुमचं मात्र दादर स्टेशन यायच्या आधी उतरतं, याला कारण आहे. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. घाम वाळत नाही, कातडीवरच राहतो. त्यात लोकलच्या गर्दीतली उष्णता. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, आणि त्याच्याबरोबर कातडीचं तेल. कुठलं लायनर टिकेल हे ते कशात विरघळतं यावर ठरतं.

काजळाची कांडी आणि साधी पेन्सिल म्हणजे मेण, तेल आणि रंग. म्हणून ती मऊ चालते, आणि म्हणूनच कातडीच्या तेलात आणि उष्णतेत पसरते. जेल आणि बऱ्याचशा 'लाँग-लास्टिंग' पेन्सिलींत उडून जाणारं सिलिकोन असतं. लावल्यावर ते हवेत उडतं आणि मागे रंगाचा घट्ट थर उरतो. पसरवायचं असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच पसरवायचं. नंतर तो थर हलत नाही, तुकड्यानं सुटतो. लिक्विड आणि स्केचपेनसारख्या लायनरमध्ये पाणी, रंग आणि पॉलिमर असतो. पाणी वाळलं की पॉलिमरची पातळ फिल्म तयार होते.

डब्यावरच्या 'वॉटरप्रूफ' आणि 'स्मज-प्रूफ' या दोन शब्दांचा गोंधळ इथेच सुटतो. पाण्याला दाद न देणारं लायनर तेलाला शरण जाऊ शकतं. तुमचा त्रास घामाचा असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, तर वॉटरप्रूफ बघा. पापणी तेलकट असेल आणि वरची कातडी टेकत असेल, तर पॉलिमर-फिल्मचं लायनर जास्त साथ देतं, कारण ती फिल्म तेलात सहज विरघळत नाही. अशी काही लायनर्स कोमट पाण्यात भिजून सालीसारखी निघतात. वॉटरप्रूफ काढायला मात्र तेलाचाच क्लीन्झर हवा: कापूस भिजवून मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ ठेवायचा, मग खाली पुसायचा. घासायचं नाही.

बाजारात हातावर रेघ ओढून पाहतो ती परीक्षा अपुरी आहे. तिथे हाताची कातडी कोरडी असते, पापणीची नसते. मनगटावर रेघ द्या, पाच मिनिटं थांबा, मग नाकाच्या बाजूला बोट फिरवून ते तेलकट बोट रेघेवर चोळा. रानडे रोडवर खरेदीत तेवढी पाच मिनिटं सहज निघतात.

काजळ आणि डोळ्याची आतली कड

आपल्या बायकांची खरी सवय काजळाची, आणि ते जातं डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर. भरून काजळ घातलेले डोळे मलाही प्रिय आहेत. पण त्या कडेवर काय आहे ते माहीत असावं. केसांच्या मागे, अगदी कडेवर, तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं ओळीनं असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत थोडी कमी. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून डोळे लवकर कोरडे पडत नाहीत. रोज त्या तोंडांवर मेणाचा लेप बसला आणि रात्री नीट निघाला नाही, तर ती बुजू शकतात. मग चुरचुर, कोरडेपणा, कधी रांजणवाडी. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं, की केसांच्या बाहेर लावलेल्या पेन्सिलीपेक्षा आतल्या कडेवर लावलेल्या पेन्सिलीचे कण अश्रूंमध्ये जास्त आणि लवकर जातात.

म्हणून माझा आग्रह: रोजच्या ऑफिसला रेघ केसांच्या बाहेर किंवा मुळांमध्ये, आणि आतली कड सणासमारंभाला. लपलेल्या घडीच्या आणि हूडेड डोळ्यांना आतली कड भरल्यानं खूप फरक पडतो, हे खरं. त्यांनी ती वरच्या पापणीची भरावी आणि रात्री न चुकता काढावी. लेन्स वापरत असाल तर लेन्स आधी, लायनर नंतर. रात्री लेन्स आधी काढा, मग मेकअप. आतल्या कडेवर काजळ आणि डोळ्यात लेन्स हे एकत्र नकोच.

सुट्या डबीतल्या, नाव-गाव नसलेल्या सुरम्यापासून लांब राहा. पारंपरिक सुरम्यात गॅलेना हे शिशाचं खनिज वापरण्याची जुनी रीत आहे, आणि शिसं शरीरात साठतं. भारतात सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे. वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत आहे ना ते बघा. याच कारणानं बाळाच्या डोळ्यांतही काजळ घालू नये. लिक्विड लायनर उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत बदला, दमट हवेत त्यात जंतू वाढतात. आणि मैत्रीण असो की बहीण, लायनर एकमेकींना द्यायचं नाही. पेन्सिल असेल तर निदान तासून.

चष्मा असेल तर

मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, म्हणून नेहमीपेक्षा रेघ किंचित जाड चालते. प्लस नंबरची काच डोळा मोठा करते आणि त्याबरोबर रेघेतली प्रत्येक थरथरही. तिथे पुसट तपकिरी रेघ सर्वांत सुरक्षित. चष्मा काढल्यावर आरशातलं दिसत नसेल तर मोठं दाखवणारा आरसा घ्या आणि कोपर टेबलावर टेकवा. रेघ एका दमात ओढायची गरज नाही, छोटे छोटे तुकडे जोडत गेलात तरी चालतं. विंगचा कोन चष्मा घालून ठरवा: फ्रेमच्या वरच्या कडेत शेपटी अडकत असेल तर ती दिसायचीच नाही.

पापणीकडे रोज इतक्या जवळून पाहिलं की बदलही लवकर लक्षात येतात. वर्षांच्या हिशेबानं दोन्ही पापण्या हळूहळू खाली येणं हे वयाचं. पण एकच पापणी अचानक खाली आली आणि त्याबरोबर एकाचे दोन दिसू लागले, डोकं जोरात दुखू लागलं किंवा दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठा. सकाळी बरी असलेली पापणी संध्याकाळी थकून खाली येत असेल, किंवा पूर्वी नव्हते ते डोळे आता पुढे आल्यासारखे वाटत असतील, तर नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. डोळे पुढे येण्यामागे थायरॉइडचा त्रास असू शकतो. तपासणीला जाताना डोळ्यांत काही लावून जाऊ नका, पापणीची कड त्यांना कोरीच पाहायची असते.